कोपराची खूण

मस्कतमध्ये थंडी येते ती आधी कानांना कळते. वर्षातले कितीतरी महिने घरघरणारा एसी एका संध्याकाळी बंद होतो, तो पुन्हा लावायची कुणाला आठवण राहत नाही, आणि मग घरात बाहेरचे आवाज यायला लागतात. शेजारच्या मल्याळी बाईंचा कुकर, खालच्या मजल्यावरच्या मुलांची इंग्रजीतली भांडणं, पहाटेची अजान. उन्हाळ्यात ती काचेपलीकडून येते, थंडीत थेट उशाशी. बाल्कनीत खुर्च्या येतात, कुंड्यांना पुन्हा जीव येतो, आणि जो भेटेल तो सांगतो की काय सुंदर हवा पडलीये. मीही मान डोलावते. खरं सांगायचं तर मला ही हवा आवडत नाही. एके काळी आवडायची.

फेब्रुवारी आला की अल् खुवैरच्या रस्त्यांच्या कडेला नारिंगी शंकू मांडले जातात. सायकलींची शर्यत येते. कुठून कुठून सायकलस्वार येतात, पोलीस रस्ते अडवतात, आणि कोपऱ्यावरून पाव आणायलाही गाडी काढणारी आमची माणसं आपापल्या गाडीत चरफडत बसून राहतात. यंदा मीही अशीच अडकले. दवाखान्यात वेळेवर पोचायचं होतं, रिसेप्शनवर दुसरं कुणी नव्हतं, आणि पुढचा पोलीस हात वर करून पुतळ्यासारखा उभा. मग तो घोळका आला. आधी मोटारसायकली, मग एकदम शंभर चाकांचा सर्रर्र आवाज. सगळ्यांत पुढच्या स्वारानं उजवं कोपर जरासं बाहेर काढून हलवलं आणि तो बाजूला सरकला. मागचा पुढे आला, आणि पुढचा हळूहळू मागे जाऊन घोळक्यात मिसळला.

कोपर हलवलं म्हणजे माझं झालं, आता वारा कापायची जबाबदारी तुझी. दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसणाऱ्या वसईच्या बाईला ही खूण ओळखता यायचं खरं तर काही कारण नाही. पण ते कोपर दिसलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काही वर्षांपूर्वीची ती थंडी पुन्हा आठवली.

तेव्हा विल्सन, म्हणजे माझा नवरा, अल् खुवैरमधल्या एका फ्रेंच बांधकाम कंपनीत स्टोअर्स सांभाळायचा. रोशेल, आमची मुलगी, दहावीला होती. विल्सनच्या साहेबाचं नाव मिस्टर आर्मां. आखातात साहेबाला असंच म्हणतात, मिस्टर लावून पहिल्या नावानं. पन्नाशी उलटलेला, उंच, उन्हानं लाल झालेला माणूस, बोलायला अतिशय गोड. मला उगाच वाईट काही सांगायचं नाही. तो आमच्याकडे जेवायला यायचा तेव्हा माझी सुकेळी मागून खायचा, रोशेलशी तिच्या पुस्तकांबद्दल बोलायचा, निघताना आपली ताटली स्वतः बेसिनमध्ये ठेवायचा. असल्या माणसाचा राग यायला फार वेळ लागतो, आणि एकदा आला की मग तो जात नाही.

हे सगळं सुरू झालं ते कंपनीच्या पिकनिकला. सीबच्या किनाऱ्यावर मिस्टर आर्मांनं आपली सायकल आणली होती, पातळ चाकांची, उचलली तर एका हातात येईल अशी. विल्सननं गमतीनं ती मागितली आणि किनाऱ्याच्या रस्त्यावर वाऱ्याविरुद्ध घातली. साहेब चटईवर बसला होता तो उठून उभा राहिला.

विल्सनला कुणी सायकल शिकवली नव्हती. त्याच्या वडिलांची वसईला केळीची वाडी, आणि शाळेच्या आधी केळीचे घड सायकलला दोन्ही बाजूंनी बांधून स्टेशनवर पोचवायचं काम घरातल्या मुलांचं. जाताना ओझं, येताना तोंडावर समुद्राचा वारा. रेल्वेचं फाटक बंद असलं की ही मुलं पाय न टेकता उभी राहायची. पाय टेकला की सायकल कलणार, आणि एकदा कललेलं ओझं एकट्या मुलाला उचलणं शक्य नाही. म्हणून ब्रेक दाबून, हँडल इकडे तिकडे वळवत, तिथल्या तिथं तोल धरायचा. मग त्यातही पैज लागायची. लग्नानंतर त्यानं मला हे सांगितलं होतं, आणि मी त्याला थापा मारू नको म्हणाले होते.

साहेबाला त्याच्यात काय दिसलं ते पुढच्या आठवड्यात कळलं. त्याच्या ऑफिसच्या भिंतीवर दोन जुने फोटो होते, त्याच्या आजोबांचे. आजोबा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये सायकलींच्या बंदिस्त मैदानात शर्यती खेळायचे. आमच्या जेवणाच्या टेबलावर हप्त्याहप्त्यानं मी त्यांचं सगळं चरित्र ऐकलं. इंग्रजी तिघांचंही बेताचं, पण गोष्ट सांगताना मिस्टर आर्मांला शब्द अपुरे पडत नसत.

आजोबा मुळात खाटकाच्या दुकानातला पोऱ्या. शहराच्या कडेच्या वस्तीत सायकलवरून घरोघर मटण पोचवायचे. मग थंडीच्या मोसमात छपराखालच्या मैदानात उतरले. फळ्यांचा गोल मार्ग, वळणावर भिंतीसारखा चढलेला, मधे श्रीमंत लोक टेबलं मांडून जेवायला बसलेले, वर सिगारच्या धुराचे ढग. पहिल्या वर्षी आजोबा सगळ्या शर्यती हरले. का, तर ते पुढे जायचे. आम्हाला हे कळेना. साहेबानं काटे-चमचे मांडून समजावलं. दोनच स्वार असतात. पुढचा वारा कापतो, मागचा त्याच्या आडोशानं दम राखतो आणि अगदी शेवटी त्याला मागे टाकून निघून जातो. म्हणून पुढे कुणालाच जायचं नसतं. दोघं हळू होत होत शेवटी थांबतातच. पाय पायडलवर, सायकली उभ्या, हजारो माणसं श्वास रोखून. ज्याचा तोल जाईल त्यानं पुढे निघायचं, नाहीतर पाय टेकायचा. आणि पाय टेकला म्हणजे, मिस्टर आर्मां हात झटकून म्हणायचा, खलास.

आजोबा यात उस्ताद झाले. पहिला फोटो त्याचाच. दोन माणसं सायकलींवर स्तब्ध, एकमेकांकडे तिरप्या नजरेनं पाहणारी. त्या फोटोत आजोबा हसताहेत. त्या एका हसण्यावर त्यांनी म्हणे किती मोसम काढले.

मग वय झालं, शेवटची ती झेप पायांतून गेली, आणि आजोबा मोटारसायकलमागच्या लांब शर्यतींकडे वळले. त्यात प्रत्येक सायकलस्वारापुढे एक मोटारसायकल पळते, तिच्यावर एक माणूस ताठ उभा, छाती रुंद करून. तो वारा अडवतो. मागचा आपलं चाक त्याच्या मागे जवळजवळ चिकटवून त्या आडोशात पळतो, आणि ओरडून सांगतो, जोरात, किंवा सावकाश. पुढच्याचं सगळं लक्ष मागच्या आवाजावर. वेग जरा जास्त झाला की मागचा आडोशातून बाहेर पडतो, आणि मग वारा त्याला भिंत होऊन लागतो. दुसरा फोटो हा. त्यात आजोबा नीट दिसतात, मिशीपासून बुटांपर्यंत. पुढच्या माणसाची फक्त पाठ, तीही अर्धी, कारण बाकीचा तो चौकटीत बसला नव्हता.

त्याचं नाव काय होतं, असं मी विचारलं. आजोबांच्याच गल्लीतला, लहानपणापासूनचा मित्र होता, एवढं साहेबाला ठाऊक होतं. नाव त्याला माहीत नव्हतं. घरात कुणी सांगितलंच नाही म्हणाला. मग लगेच विल्सनच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, तू सायकल चालवतोस तेव्हा मला तो आठवतो. विल्सन लाजला. रात्रभर तो त्या कौतुकात होता. मी मात्र भांडी घासताना त्या पाठीचाच विचार करत होते.

मग शुक्रवार सुरू झाले. आखातात आमचा रविवार शुक्रवारी असतो, चर्चमधली सकाळची मिस्सा शुक्रवारी, आणि विल्सन तिथल्या कॉयरमध्ये टेनर गायचा. ती सगळी थंडी त्यानं सकाळची मिस्सा सोडली. संध्याकाळच्या मिस्सेला यायचा आणि प्रवचनात पेंगायचा. नोटीसबोर्डावरची जाहिरात पाहून, देश सोडून चाललेल्या कुणा गोऱ्याची जुनी सायकल त्यानं विकत घेतली. फटफटताना अल मवालेहच्या भाजीबाजाराजवळ दोघं भेटायचे आणि बरकाच्या दिशेनं निघायचे. त्या दिशेला थंडीत शमाल वारा समोरून येतो, ओठ फुटतात, डोळ्यांत रेती जाते. विल्सन पुढे, साहेब त्याच्या चाकामागे. मागून आमची गाडी, इंडिकेटर चमकवत, कारण त्या रस्त्यावर ट्रक कुणाचे नसतात. ती गाडी मी चालवायचे. डिकीत पाणी, खजूर आणि मवालेहच्या बाजारातली संत्री.

साहेबाला अरबी चार शब्द येत होते, त्यांतले दोन तो रस्त्यावर वापरायचा. वेग वाढवायचा तर यल्ला, कमी करायचा तर शुवै शुवै. काच खाली असली की मला दोन्ही ऐकू यायचं. विल्सन मान वळवायचा नाही, पण त्याच्या पाठीवरून कळायचं की ऐकलंय. लगेच वेग बदलायचा. परतताना वारा पाठीशी असायचा. तेव्हा मिस्टर आर्मां हसत पुढे निघून जायचा आणि चहाच्या टपरीवर आमच्या आधी पोचलेला असायचा. त्याला पोचायची फार हौस.

बाजारात हमीदभाईंचं फळांचं दुकान. ते रत्नागिरीकडचे, मराठी ऐकलं की चार संत्री जास्त घालायचे. पहाटे दुकान उघडताना त्यांना आमची ही मिरवणूक दर शुक्रवारी दिसायची. एकदा पिशवी देताना त्यांनी सहज विचारलं, "वैनी, हा गोरा पुढं कधी हुतो?" मी म्हटलं, येताना होतो. हमीदभाई हसले नाहीत. त्यांना वारा कुठून येतो ते माहीत होतं.

त्या रस्त्यावर शुक्रवारी एक क्लबही यायचा, ओमानी पोरं, फिलिपिनो, दोन-चार इंग्रज. ते रांगेनं जायचे, आणि पुढचा थोड्या वेळानं कोपर हलवून मागे यायचा. टपरीवर एका ओमानी मुलानं विल्सनला ती खूण समजावली. विल्सननं घरी येऊन आम्हाला दाखवली, आणि रोशेलनं ती उचलली. भांडी घासायची वेळ आली की ती कोपर हलवायची. दार उघडायचं असलं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या असल्या, की कोपर. "पपा, युवर टर्न." विल्सन उठायचा. आमच्या घरात त्या थंडीत कोपरांवर सगळा कारभार चालायचा. फक्त रस्त्यावर विल्सनचं कोपर कधी हललं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, सरांना कसं सांगायचं. ते वाक्य माझ्या पोटात राहिलं.

आजोबांच्या चरित्राचा शेवट साहेबानं राखेच्या बुधवारनंतर, आमच्या उपासाच्या दिवसांत कधीतरी सांगितला. मोटारसायकलमागच्या शर्यतींत आजोबा ऐन भरात असताना एका टायर कंपनीनं त्यांना नवा पुढचा माणूस दिला, मोठी मोटारसायकल, जास्त ताकद. गल्लीतल्या मित्राशी आजोबांनी हस्तांदोलन केलं आणि त्याला सोडून दिलं. पुढच्याच मोठ्या शर्यतीत नव्या माणसाला आजोबांची हाक ऐकू आली नाही. आजोबा आडोशातून बाहेर पडले, वाऱ्यावर आदळले, मग फळ्यांवर. मांडीचं हाड मोडलं. पुन्हा ते जिंकले नाहीत. नंतर त्यांनी एक छोटा कॅफे काढला, भिंतीवर फोटो लावले, आणि तो जुना मित्र रोज संध्याकाळी तिथं यायचा. साहेबानं डोळे पुसले. आजोबा किती मोठ्या मनाचे, तो म्हणाला, त्या मित्राला पहिला पेला नेहमी फुकट द्यायचे.

विल्सनचे डोळेही भरले. मी टेबल आवरायला उठले.

त्याच दिवसांत तेलाचे भाव पडले. मस्कतमध्ये तेलाचे भाव पडतात ते आधी पेपरात, मग पार्किंगमध्ये दिसतात. विक्रीच्या पाट्या लावलेल्या गाड्या वाढतात. कंपनीचं काम आटोपलं होतं, पुढचं मिळालं नाही, आणि ज्यांचे करार वाढवायचे नाहीत त्यांत विल्सनचं नाव आलं. याचा मी साहेबाला दोष देत नाही. विल्सनला दुसऱ्या एका कंपनीत जागा तयार होती, तेच काम, तोच पगार. हवी होती फक्त एनओसी, म्हणजे जुन्या मालकाचं ना हरकतीचं पत्र. ते नसेल तर देश सोडायचा आणि दोन वर्षं इथं कामाला परतायचं नाही, असा तेव्हाचा नियम. आखातातल्या माणसाचं सगळं आयुष्य अशा एका सहीवर टांगलेलं असतं, आणि ही सही मिस्टर आर्मांच्या हातात होती.

त्यानं ती केली नाही. खूप प्रेमानं केली नाही. विल्सनला समोर बसवून, कॉफी मागवून सांगितलं की तुला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल, मग माणसं समोरच्या कंपनीत जातील, आमच्या धोरणात ते बसत नाही. त्याला फार वाईट वाटत होतं, हे विल्सननं घरी येऊन मला दोनदा सांगितलं. उठताना साहेबानं विचारलं होतं, शुक्रवारी नेहमीच्या वेळी ना?

मी म्हटलं, जाऊ नकोस. मी एवढंच म्हटलं. विल्सननं बाटल्या भरून ठेवल्या.

त्या शुक्रवारचा शमाल मला अजून आठवतो. खजुरीची झाडं एकाच बाजूला वाकलेली, दुकानांच्या पाट्या खडखडत होत्या. मी रस्ता नीट पाहतच नव्हते. माझी नजर विल्सनच्या उजव्या कोपरावर होती. मला नोकरी नको होती, माफी नको होती. फक्त एकदा त्यानं ते कोपर बाहेर काढावं, एवढंच मला हवं होतं. एकदा त्या माणसाच्या तोंडावर वारा लागावा. मागून शुवै शुवै ऐकू आलं आणि विल्सन सावकाश झाला. यल्ला ऐकू आलं आणि तो जोरात निघाला. कोपर बरगडीला चिकटलेलंच राहिलं. परतताना साहेब पुढे पळाला, टपरीवर त्यानं विल्सनला मिठी मारली, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुंदर थंडी होती म्हणाला, आणि गाडीतून काढून तो दुसरा फोटो त्याला भेट दिला. अर्ध्या पाठीचा.

रोशेलची दहावी झाली आणि विल्सन गेला. माझी दवाखान्यातली नोकरी होती, मुलीचा व्हिसा माझ्यावर घेताना किती खेटे घातले ते मी आता आठवतही नाही. तो वसईला, आम्ही दोघी इथं. तिकडे त्यानं नालासोपाऱ्याला बिल्डिंगांच्या कामांवर देखरेख केली, उन्हात उभं राहून. इकडे रोशेलची अकरावी, बारावी, तिची आजारपणं, तिचं पहिलं प्रेम आणि त्याचं मोडणं, सगळं फोनच्या पडद्यावर थांबत-अडकत त्याला दिसलं. कधीकधी ती बोलताना पडद्यासमोर कोपर हलवायची. विल्सन हसायचा आणि काहीच करू शकायचा नाही. मग तिनं ते सोडून दिलं.

दोन वर्षं संपली आणि त्याला मस्कतपासून लांब, रुस्ताकमध्ये एका छोट्या ठेकेदाराकडे काम मिळालं. ज्या जूनमध्ये तो मस्कतला उतरला, त्याच जूनमध्ये रोशेल कॉलेजला पुण्याला गेली. तो तिकडे होता तेव्हा ती इकडे, तो इकडे आला तेव्हा ती तिकडे. सुट्टीत येते तेव्हा त्याच्याशी आदरानं बोलते, पाहुण्यांशी बोलावं तसं. एका सहीची किंमत कुणी मला विचारली तर मी हेच सांगेन. मिस्टर आर्मां मात्र त्याच उन्हाळ्यात निवृत्त होऊन आपल्या गावी गेला. नाताळला त्याचं कार्ड यायचं, त्यावर समुद्र.

आता विल्सन गुरुवारी संध्याकाळी रुस्ताकहून येतो आणि शुक्रवारी उशिरापर्यंत झोपतो. मिस्सेला आम्ही संध्याकाळी जातो. कॉयरमध्ये त्याची जागा दुसऱ्या कुणी घेतली. सायकल बाल्कनीत उभी, तिच्यावर मी पायपुसणी वाळत घालते. फोटो कपाटामागे.

यंदा मी रस्त्यावर अडकले तो गुरुवार होता, आणि त्याच संध्याकाळी विल्सन रुस्ताकहून घरी आल्यावर त्याला मेसेज आला. मिस्टर आर्मां शर्यत पाहायला मस्कतला आला होता, हॉटेलात उतरला होता, तिथून चांगली सायकल भाड्यानं घेतली होती. शुक्रवारी, नेहमीच्या जागी, जुन्या दिवसांसाठी एकदा? खाली हसणारा चेहरा.

मला वाटलं विल्सन फोन बाजूला ठेवेल. त्यानं पायपुसणी काढली आणि सायकल पुसायला घेतली. मी खूप बोलले. दोन वर्षांपासून सुरुवात केली आणि कॉयरपर्यंत आले, मग रोशेलवर आले तेव्हा माझाच आवाज फाटला. तो साखळीला तेल लावत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "जेसी, तू गाडी घेऊन ये. संत्री आण."

हमीदभाईंनी मला पाहिलं आणि पिशवी उघडली. संत्री मोजली नाहीत, ओंजळीनं घातली. बाहेर मिस्टर आर्मां उभा होता, बारीक झालेला, गळ्याची कातडी लोंबलेली. मला मिठी मारली, रोशेलबद्दल विचारलं, ती केवढी झाली असेल म्हणाला. झाली, मी म्हटलं.

दोघं निघाले. विल्सन पुढे, तो मागे, मी त्यांच्या मागे. शमाल होता, फार नाही, पण होता. सीब मागे पडलं तशी हाक आली, शुवै शुवै. विल्सन सावकाश झाला. मला स्टिअरिंग सोडून रडावंसं वाटलं. थोड्या वेळानं यल्ला, आणि विल्सन वाढला. पुन्हा शुवै शुवै. म्हातारा दमला होता, पण त्याच्या चाकाला चिकटून होता. खजुरीच्या बागा संपून उघडा रस्ता लागला, तिथं वारा सगळ्यांत जास्त असतो.

तिथं विल्सनचं उजवं कोपर बरगडीपासून सुटलं. बाहेर आलं, एकदा हललं.

मागचा माणूस पुढे आला नाही. त्याला दिसलं नसेल असं नाही, त्याची मान वर झालेली मी पाहिली. विल्सननं पुन्हा कोपर हलवलं आणि रस्त्याच्या कडेला सरकला. तोही त्याच्यामागे सरकला. विल्सन हळू झाला, तोही हळू झाला. आणखी हळू. मी गाडीचा वेग कमी करत करत शेवटी ब्रेकवर पाय ठेवला. दोघं माझ्यासमोर, रिकाम्या रस्त्याच्या कडेला, जवळजवळ शेजारी शेजारी, उभे राहिले. कुणाचाच पाय खाली नव्हता.

त्या फोटोतल्यासारखेच ते दोघं उभे होते, फक्त हसत कुणी नव्हतं. विल्सन हँडल जरासं इकडे, जरासं तिकडे वळवत होता. वसईच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुलाला मी तेव्हा पाहिलं नव्हतं, ते आता पाहिलं. मी त्याला थापा मारू नको म्हणाले होते. तो खाली रस्त्याकडे पाहत होता, साहेब त्याच्याकडे. साहेबाचं पुढचं चाक थरथरायला लागलं. त्यानं विल्सनला हाक मारली, नावानं. विल्सननं वर पाहिलं नाही.

मिस्टर आर्मांचा पाय डांबरावर टेकला.

विल्सननं पायडल मारलं आणि तो निघाला. मागून आवाज आला, शुवै शुवै, मग पुन्हा, जरा मोठ्यानं. विल्सनची पाठ मला पुरती दिसत होती, आणि तिनं ऐकलंय हेही मला कळत होतं. तो सावकाश झाला नाही. पांढरा शर्ट वाऱ्यात फुगत लहान लहान होत गेला.

साहेब वाऱ्यात उभा होता, एक पाय खाली, तोंड उघडं. त्यानं मागे वळून गाडीकडे, माझ्याकडे पाहिलं. रोशेल आठवली, पडद्यासमोर कोपर हलवणारी. मी गाडी त्याच्याजवळ नेली, काच खाली केली आणि त्याच्या हातावर एक संत्रं ठेवलं. पैसे नकोत, पहिलं फुकट असतं, म्हटलं, आणि गाडी पुढे घेतली.